बंदरात शिरणारे प्रवासी जहाज तैलरंगात रंगवताना : आखणीपासून वॉर्निशपर्यंत

गजबजलेल्या बंदरात शिरणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाचे चित्र सहसा रंगांमुळे बिघडत नाही. पहिला रंग लावण्याआधीच ते बिघडलेले असते. जहाज पाण्यात बसल्यासारखे वाटत नाही, जवळचा टग (मोठ्या जहाजाला ओढून नेणारी छोटी, दणकट बोट) आणि दूरचे जहाज यांची मापे जुळत नाहीत, धूर एका दिशेला जातो आणि निशाण दुसऱ्या. समुद्राशी रोजचा संबंध असलेला माणूस अशा चित्रातील चूक क्षणात ओळखतो. इतरांना ती सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते हे त्यांनाही जाणवते. या लेखात म्हणूनच निम्म्याहून अधिक जागा पेन्सिलीच्या कामाला दिली आहे. उदाहरणासाठी ९० × ६० सेंमीचा आडवा कॅनव्हास आणि सुमारे २४० मीटर लांबीचे, वाफेच्या काळातील जहाज धरले आहे. इतर मापांसाठी रीत तीच राहते.

१. कागदावर आधी ठरवायच्या गोष्टी

कॅनव्हास समोर घेण्यापूर्वी एका कागदावर पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून किती उंचीवर आहे? वारा कुठून कुठे वाहतो? भरतीचा प्रवाह आत येतो आहे की ओहोटीचा बाहेर जातो आहे? सूर्य कुठे आहे? आणि चित्र कोणत्या काळातील आहे? यांपैकी एकाचेही उत्तर मनात धूसर असेल तर ते चित्रात चूक होऊन उमटते.

वारा आणि प्रवाह यांचे बाण कागदावर वरून दिसणाऱ्या नकाशासारख्या आराखड्यात काढावेत. धक्का, जहाजमार्ग, नांगरलेली जहाजे, टग, लाँच (छोटी यांत्रिक होडी) आणि स्वतःची जागा हे सर्व त्या आराखड्यात मांडावे. नांगरलेल्या होड्या आणि जहाजे वारा व प्रवाह यांच्या एकत्रित जोराप्रमाणे फिरून उभी राहतात, त्यामुळे शेजारशेजारच्या नांगरलेल्या बोटींची तोंडे साधारण एकाच दिशेला असतात. रचना सुंदर दिसावी म्हणून त्या हव्या तशा वळवण्याचा मोह होतो, तो टाळावा.

काळाबद्दलही येथेच निर्णय घ्यावा. एकाच चित्रात जुने वाफेचे जहाज, आजचे कंटेनर उचलणारे क्रेन आणि मधल्या कुठल्यातरी काळातील टग एकत्र येतात, ते वेगवेगळ्या छायाचित्रांतून तुकडे उचलल्यामुळे. जहाज ज्या काळातील, त्याच काळातील बंदराची छायाचित्रे जमवावीत आणि एकाच जहाजाच्या नकाशावर किंवा बाजूच्या आराखड्यावर विसंबावे.

२. क्षितिजरेषा आणि तिच्यावरून मिळणारे माप

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून तो शांतपणे समजून घ्यावा. क्षितिजरेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असते. पाण्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे, डोळा पाण्यापासून ९ मीटर उंचीवर असेल तर क्षितिजरेषा प्रत्येक जहाजाला त्याच्या पाणरेषेपासून (जहाजाची बाजू पाण्याला टेकते ती रेषा) बरोबर ९ मीटर उंचीवर छेदते, मग ते जहाज शंभर मीटरवर असो वा हजार मीटरवर. या एका नियमावर संपूर्ण बंदराचे माप बसवता येते.

आपल्या कॅनव्हासवर क्षितिजरेषा खालच्या कडेपासून २२ सेंमीवर आखावी आणि डोळ्याची उंची ९ मीटर धरावी, म्हणजे आपण धक्क्यावरील एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या जहाजाच्या डेकवर उभे आहोत. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, क्षितिजाखाली ४ सेंमीवर पाण्याला टेकते असे ठरवले, तर त्या ठिकाणी ४ सेंमी म्हणजे ९ मीटर. लाइफबोटी असलेला डेक पाण्यापासून १८ मीटर उंच असेल तर त्याची पातळी नाळीपाशी ८ सेंमीवर येते. मागचे टोक दूर असल्यामुळे त्याची पाणरेषा क्षितिजाच्या अधिक जवळ, समजा अडीच सेंमी खाली येते. तेथे अडीच सेंमी म्हणजे ९ मीटर, म्हणून त्याच डेकची पातळी तेथे ५ सेंमीवर येते. दोन्ही टोकांना क्षितिज त्या उंचीच्या बरोबर मध्यातून जाते. हे जुळले की जहाज पाण्यात बसलेच.

आता अग्रभागी टग काढायचा आहे. त्याची पाणरेषा क्षितिजाखाली १२ सेंमीवर ठेवली, तर तेथे १२ सेंमी म्हणजे ९ मीटर. टगची केबिन पाण्यापासून ६ मीटर उंच धरली तर ती कॅनव्हासवर ८ सेंमी उंच दिसेल, म्हणजे नाळीपाशी जहाज जेवढे उंच तेवढीच! हिशेब अचूक आहे, पण चित्राच्या दृष्टीने तो घातक आहे, कारण जहाजाची भव्यता तेथेच संपते. अशा वेळी टगचे माप मनाने लहान करू नये. टग दूर न्यावा. त्याची पाणरेषा क्षितिजाखाली ६ सेंमीवर नेली की केबिन आपोआप ४ सेंमीची होते.

> पडताळणी : क्षितिजावर पट्टी धरावी. ९ मीटरपेक्षा बुटकी प्रत्येक वस्तू, म्हणजे वल्ह्याची होडी, तिच्यातील माणसे, टगची केबिन, पूर्णपणे पट्टीच्या खाली राहिली पाहिजे. होडीत उभ्या असलेल्या माणसाचे डोके क्षितिजावर जात असेल तर एक तर तो माणूस अवाढव्य आहे किंवा क्षितिज चुकले आहे.

३. जहाज आधी पेटीत बसवावे

जहाजाची बाह्यरेषा थेट हाताने काढू नये. लांबी, रुंदी आणि उंची यांची एक पेटी यथार्थदर्शनाने, म्हणजे दूरचे लहान दिसेल अशा रीतीने, आखून तिच्यात जहाज कोरावे. नवख्या हाताने काढलेले जहाज जवळजवळ नेहमीच आखूड आणि जाड होते. टायटॅनिक २६९ मीटर लांब आणि २८ मीटर रुंद होते. क्वीन मेरी सुमारे ३११ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. म्हणजे लांबी रुंदीच्या साडेआठ ते साडेनऊ पट. आपल्या २४० मीटरच्या जहाजाला २६ मीटरच्या आसपास रुंदी पुरते.

आखणीचा क्रम असा ठेवावा.

१. पेटीच्या लांब बाजूचे कर्ण काढून मध्य शोधावा. दूरचा अर्धा भाग जवळच्या अर्ध्यापेक्षा आखूड दिसतो, हे येथेच स्पष्ट होते. पुढे प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा कर्ण काढून चार भाग करावेत आणि धुराडी, डोलकाठ्या व लाइफबोटी त्या भागांत मोजून बसवाव्यात.

२. पाणरेषा आणि डेकच्या रेषा लोपबिंदूकडे, म्हणजे समांतर रेषा क्षितिजावर जेथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे, न्याव्यात. क्षितिजाच्या वरच्या रेषा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात आणि बरोबर डोळ्याच्या उंचीवरील रेषा क्षितिजाशी एकरूप होते. पोर्टहोलची (जहाजाच्या बाजूवरील गोल खिडक्यांची) एखादी ओळ नेमकी त्या उंचीवर असेल तर ती सरळ आडवीच आली पाहिजे.

३. यानंतरच मुख्य डेकला त्याचा डौलदार बाक द्यावा. नाळीकडे आणि मागच्या टोकाकडे डेक उचललेला असतो व मध्ये किंचित खोल असतो. पाणरेषेला मात्र हा बाक कधीही देऊ नये.

४. नाळीपाशी जहाजाची बाजू वरच्या अंगाला बाहेर पसरते आणि पाण्याकडे येता येता निमुळती होते. पेटीच्या पुढच्या बाजूच्या मध्यरेषेवर नाळीची धार ठेवून हा पसरटपणा दाखवावा.

५. धुराडी शेवटी. प्रत्येक धुराड्याचा मध्य जहाजाच्या मध्यरेषेवर असावा आणि मागे झुकण्याचा कोन सर्वांचा सारखा असावा. जुन्या जहाजाचे धुराडे पाण्यापासून ४० मीटरच्या वर जाते, म्हणून त्याच्यावरील आडवे पट्टे डोळ्याच्या खूप वर असतात. ते मध्यभागी वर उचललेल्या कमानीसारखे दिसतात आणि जितके उंच तितकी कमान अधिक. सरळ रेषेत ओढलेले पट्टे धुराड्याचा गोलवा मारून टाकतात, आणि खाली झुकलेले पट्टे आपण जहाजाकडे विमानातून पाहत असल्याचा भास निर्माण करतात.

> इशारा : धुराड्यांमधील अंतरे एकसारखी काढू नयेत. जवळच्या दोन धुराड्यांमधील मोकळी जागा दूरच्या दोहोंमधील जागेपेक्षा मोठी दिसते. चित्र पूर्ण झाल्यावर ही चूक दुरुस्त करायची तर मागचे आकाशही खरवडावे लागते.

४. बंदरातील गर्दीची मांडणी

येणारे जहाज आपल्याकडे तोंड करून, नाळ कॅनव्हासच्या डावीकडे झुकलेली, असे आपण धरले आहे. नाळ डावीकडे असली की आपल्याला जहाजाची डावी बाजू दिसते. नाळ कॅनव्हासच्या मध्याजवळ आणि मागचे टोक तिच्या उजवीकडे सुमारे ३७ सेंमीवर ठेवले, तर डावीकडचा निम्मा कॅनव्हास जहाजाला पुढे सरकण्यासाठी मोकळा राहतो. ही मोकळी जागा होड्यांनी भरून टाकू नये. प्रवेश करणाऱ्या जहाजाला वाट दिसली पाहिजे. गर्दी वाटेच्या कडेला असावी.

छोट्या बोटी समान अंतरावर पेरल्या की बंदर निर्जीव होते. त्यांचे लहानमोठे दोनतीन घोळके करावेत, एकातील बोटी एकमेकींना थोड्या झाकणाऱ्या असाव्यात आणि एखादी बोट एकटी असावी. माझ्या मते अग्रभाग जवळजवळ रिकामा ठेवणे हेच येथे सर्वांत कठीण आणि सर्वांत फळ देणारे काम आहे.

जहाजमार्गाच्या खुणा म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोया. युरोप, आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा समावेश असलेल्या विभागात समुद्रातून आत येणाऱ्या जहाजाच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरव्या बोया असतात. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स येथे याच्या उलट. ही जगभरची विभागणी १९८० मध्ये ठरली, त्यामुळे त्याआधीच्या काळातील चित्रासाठी त्या बंदराची जुनी माहितीच पाहावी. लक्षात ठेवायचे ते असे, की जहाज आपल्याकडे येत असताना त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो. लाल बोया आपल्या डाव्या हाताला टाकून देण्याची चूक चांगल्या चित्रांतही आढळते. भरती-ओहोटीचा जोर असेल तर सर्व बोया प्रवाहाच्या दिशेला कलतात आणि प्रत्येकीच्या मागे पाण्याची छोटी शेपटी दिसते.

टगचा दोर जहाजाच्या नाळीवरील दोरवाटेतून निघतो, नांगराच्या भोकातून नव्हे. टगवर तो अगदी मागच्या टोकाला बांधलेला नसतो. जुन्या टगांवर ओढीचा आकडा केबिन-धुराड्याच्या मागे, बोटीच्या मध्याजवळ असतो, कारण तसे नसेल तर टगला वळता येणार नाही. ओढ चालू असेल तर दोर जवळजवळ ताठ, नसेल तर झोळ पडलेला. अर्धवट झोळाचा दोर आणि त्याच वेळी टगच्या मागे उसळलेले पाणी, हे दोन्ही एकत्र संभवत नाही.

५. वेग, धूर आणि वारा यांचा मेळ

बंदरात जहाज हळू चालते. खुल्या समुद्रातील छायाचित्रावरून उचललेला नाळीपुढचा पांढरा फेस येथे काढला की जहाज धक्क्यावर आदळणार असे वाटते. नाळीच्या धारेपाशी पाण्याची एक बारीक घडी आणि बाजूने मागे जाणारी एखादी उथळ लाट पुरेशी आहे. फेस काढायचाच असेल तर तो टगच्या मागे काढावा.

धुराबाबतही हेच. मंद गतीच्या जहाजाचा धूर विरळ असतो. शिवाय प्रत्येक धुराडे धूर सोडतेच असे नाही. टायटॅनिकचे चौथे धुराडे बॉयलरांना जोडलेले नव्हते, ते मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होते; १९३५ मध्ये सेवेत आलेल्या नॉर्मंडीचे तिसरे धुराडे तर निव्वळ दिखाऊ होते. निवडलेल्या जहाजाची ही माहिती आधी काढावी.

चालत्या जहाजावरील धूर आणि निशाणे खऱ्या वाऱ्यावर नव्हे, तर खरा वारा आणि जहाजाची गती यांच्या एकत्रित परिणामावर उडतात. जहाज ६ नॉट (ताशी ६ सागरी मैल) वेगाने जात असेल आणि मागून ६ नॉटचाच वारा असेल, तर त्याचा धूर सरळ वर चढतो आणि निशाण काठीला लोंबते, त्याच वेळी धक्क्यावरील निशाणे मात्र फडफडत असतात. वारा समोरून असेल तर दोन्हींची बेरीज होऊन जहाजावरील निशाण ताठ उडते. धक्क्यावरील, नांगरलेल्या जहाजांवरील निशाणे, शिडे आणि चिमण्यांचा धूर यांनी मात्र कागदावर काढलेल्या बाणाचेच ऐकले पाहिजे.

> पडताळणी : चित्रातील प्रत्येक निशाण, धुराचा लोट, शीड आणि नांगरलेली बोट यांच्यावर पेन्सिलीने बारीक बाण काढावा आणि तो पहिल्या आराखड्यातील बाणांशी ताडून पाहावा. हा टप्पा पार पडल्याशिवाय रंगाला हात लावू नये.

६. छायाभेदाचा लहान कच्चा आराखडा

तळहाताएवढ्या कागदावर फक्त चार छटांत चित्र बसवावे : उजळ, मध्यम उजळ, मध्यम गडद आणि गडद. ढग, जहाजाचा वरचा पांढरा भाग आणि पाण्यातील चमक या तिघांनाही शुभ्र पांढरे दिले की नजर कुठेच ठरत नाही. तिघांपैकी एकालाच सर्वांत उजळ छटा द्यावी. सावलीतील पांढरा रंग उन्हातील पाण्याच्या चकाकीपेक्षा बराच गडद असतो, हे मान्य करायला हात कचरतो, पण तो गडद लावल्यावरच उन्हाची बाजू उजळते.

७. रंग लावण्याचा क्रम

रंग थोडे ठेवावेत : टायटॅनियम व्हाइट, येलो ऑकर, कॅडमियम रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू आणि व्हिरिडियन. ट्यूबमधला तयार काळा टाळावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जहाजाच्या काळ्या बाजूसाठी जिवंत गडद छटा मिळते, आणि तिच्यात निळा वाढवून थंड किंवा तपकिरी वाढवून उबदार बाजू दाखवता येते.

कॅनव्हासवर पातळ केलेल्या बर्न्ट सिएना व थोड्या निळ्याचा मध्यम करडा हात फिरवून तो वाळू द्यावा. मग आखणी उतरवून पुढील क्रमाने जावे.

आकाश प्रथम, आणि ते जहाजाच्या बाह्यरेषेच्या थोडे आतपर्यंत न्यावे. धूर आकाश ओले असतानाच त्यात मिसळावा. वाळलेल्या आकाशावर घातलेल्या धुराच्या कडा कापलेल्या दिसतात. त्यानंतर दूरचा किनारा, गोदामे आणि मागची जहाजे, सर्व आकाशाच्या रंगात थोडे बुडवून. दूरच्या गडद रंगांना उजळ करणे हे तेथे निळा ओतण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. मग पाण्याचा पहिला हात, मग जहाजाचे मोठे पृष्ठभाग : उन्हातील बाजू, सावलीतील बाजू, धुराडी. खिडक्या, कठडे, पोर्टहोल यांतील काहीही या फेरीत काढू नये.

पाणरेषेजवळ दिसणारा तांबडा पट्टा जहाज किती भरलेले आहे यावर अवलंबून असतो. प्रवासाअखेर इंधन संपत आल्यावर जहाज थोडे वर उचललेले असते, म्हणून आत येणाऱ्या जहाजाला हा पट्टा थोडा अधिक रुंद शोभतो. त्याची कड दूर जाताना पाणरेषेबरोबर निमुळती झाली पाहिजे.

> इशारा : खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे थर अधिक तेलाचे. उलट झाल्यास वरचा थर पुढे तडकतो. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढीग करून ठेवू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकाव्यात.

८. पाणी आणि प्रतिबिंब

पाण्याचा दुसरा हात जहाज रंगवून झाल्यावर येतो, कारण पाण्याचे रंग जहाजावर अवलंबून असतात. दूरच्या पाण्यावर आकाश अधिक उतरते, तर पायाशी असलेल्या पाण्यात आपली नजर आत शिरते आणि पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. त्यामुळे अग्रभाग साधारणपणे अधिक गडद आणि हिरवट होतो.

प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने पडते. सूर्य कुठेही असो. सावली सूर्यामुळे पडते. या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि जहाजाचे प्रतिबिंब तिरपे काढले जाते. बंदराचे पाणी गढूळ असल्यामुळे त्यावर सावलीही स्पष्ट दिसते, म्हणून दोन्ही वेगवेगळी काढावीत. प्रतिबिंबात गडद वस्तू थोडी उजळ आणि उजळ वस्तू थोडी गडद होते. हलत्या पाण्यात प्रतिबिंब लांबते आणि आडव्या तुकड्यांत फुटते, त्याची कड सरळ राहत नाही. धुराड्याचा लाल रंग अग्रभागाच्या पाण्यात दोनचार तुकड्यांत, मळकट होऊन उतरला तर पुरे.

लाँचच्या मागे पसरणाऱ्या लाटा खोल पाण्यात मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूस सुमारे १९.५ अंशांनी उघडतात. हा कोन आधी वरून दिसणाऱ्या आराखड्यात काढून मग यथार्थदर्शनात उतरवावा. डोळा कमी उंचीवर असताना तो कॅनव्हासवर अगदी चपटा दिसतो.

९. बारकावे आणि निशाणे

पोर्टहोल आणि खिडक्यांच्या ओळी तिसऱ्या टप्प्यातील कर्णांच्या विभागणीप्रमाणे खुणा करून काढाव्यात, आणि दूरच्या अर्ध्यात त्या ठिपके न राहता एक तुटक रेषा व्हाव्यात. डेकवरील प्रवासी धक्क्याकडच्या बाजूला दाटलेले असतात. डेकांमधील उंची अडीच ते तीन मीटर धरून माणसे त्यात बसवावीत. नाळीपाशी माणूस जेमतेम ७ ते ८ मिलिमीटरचा येतो.

निशाणांत अर्थ असतो, म्हणून रंगसंगतीसाठी ती निवडू नयेत. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, जहाजावर असल्याची खूण म्हणजे उभे अर्धे पांढरे, अर्धे लाल निशाण. पूर्ण पिवळे निशाण आरोग्यविषयक परवानगी मागते. निळ्या चौकटीत पांढरा चौकोन असलेले निशाण मात्र बंदर सोडण्याच्या तयारीचे आहे. ते आत येणाऱ्या जहाजावर काढणे ही हमखास दिसणारी चूक. जहाजाच्या स्वतःच्या देशाचे निशाण मागच्या टोकाला असते.

डोलकाठ्यांचे दोर लांब केसांच्या रिगर ब्रशने, पातळ रंगात, एका श्वासात ओढावेत. सर्व दोर काढू नयेत आणि कोणताही दोर शुद्ध काळा नसावा. आकाशासमोर येणाऱ्या टोकाला तो उजळ आणि तुटक होत जावा.

> शेवटची पडताळणी : चित्र आरशात पाहावे. कललेली डोलकाठी, वाकलेली पाणरेषा आणि एका बाजूला झुकलेले धुराडे उलट्या प्रतिमेत लगेच दिसतात.

चित्र धूळ नसलेल्या उजेडाच्या खोलीत वाळू द्यावे. अंधारात ठेवल्यास जवसाचे तेल पिवळसर पडते. थराच्या जाडीप्रमाणे सहा महिने ते वर्षभर थांबूनच अंतिम वॉर्निश लावावे, आणि त्याआधी धुराड्यांच्या जाड रंगावर टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला पांढरा बोळा हलकेच फिरवून पाहावा. बोळ्यावर रंग आला तर अजून थांबावे.